सराट्याचा कांटा व शाळेची सायकल

हजेरीपट हातांतून गेला तरी डोळ्यांपुढून जात नाहीं. सेवानिवृत्त होऊन आम्हांस कांहीं वर्षें लोटलीं. तथापि पिंपळगांव राजाच्या रस्त्यानें, शाळा भरण्याच्या वेळीं, एखादी मुलगी सायकल हातांनीं ढकलीत घराकडे परततांना दिसली, कीं तिच्या नांवापुढचें त्या दिवसाचें घर आमच्या मनांत आपोआप रिकामें राहतें. गैरहजेरीचीं कारणें आम्ही सारा जन्म ऐकत आलों. ताप, पाहुणे, कापसाची वेचणी, धाकट्या भावंडाची राखण, मामाचें लग्न, या जुन्या कारणांच्या पंक्तींत आमच्या नोकरीच्या उत्तरार्धांत एक नवें कारण येऊन बसलें, व तें म्हणजे "गुरुजी, सायकल पंचर झाली." प्रथम प्रथम तें ऐकून आम्हांस हंसूं येई. परंतु तेंच कारण त्याच मुलींच्या तोंडून वारंवार येऊं लागलें, आणि येणारी मुलगी खोटें बोलत नाहीं हें तिच्या हातांवरील रबराच्या काळ्या डागांवरून दिसूं लागलें, तेव्हां तें हंसूं मावळलें. मुलग्याची सायकल बंद पडली तर तो मित्राच्या मागें दांडीवर किंवा कॅरिअरवर बसून येतो. मुलीस तें साधत नाहीं. आणि साधलें तरी घरचे तें चालूं देत नाहींत.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आतां मोटारसायकल किंवा मोटार असेल, व साध्या सायकलचें पंक्चर हा विषय त्यांस क्षुल्लक वाटेल. त्यांनीं थोडा धीर धरावा. आम्ही ज्या औषधाविषयीं लिहिणार आहों तें त्यांच्याही चाकांस चालतें. किंबहुना तें आमच्या कानीं आलें तें एका फारच श्रीमंती चाकाच्या निमित्तानें.

पिंपळगांव राजा हें खामगांव तालुक्यांतील गांव. भोंवतालीं काळी कसदार जमीन, आणि तींत कापूस, तूर व हल्लीं सोयाबीन. खामगांव ही कापसाची जुनी पेठ. इतकी कीं १८७० सालीं जलंब स्टेशनापासून खामगांवापर्यंत रेल्वेचा स्वतंत्र फांटा टाकण्यांत आला. अशा मुलखांत शेत म्हटलें कीं बांध आला, बांध म्हटला कीं बाभूळ आली, आणि जेथें बाभूळ नाहीं तेथें बोरीच्या फांद्यांचें कुंपण आलें. कुंपणाच्या फांद्या गाडींतून नेतांना वाटेंत कांटे सांडतात. उन्हाळ्यांत सुटलेला वारा राहिलेले आणून टाकतो. पऱ्हाटी उपटून नेल्यावर पायवाटेच्या कडेनें जीं धसकटें राहतात तीं निराळींच. परंतु या सर्वांत सायकलचा खरा वैरी म्हणजे सराटा. बाभळीचा कांटा निदान दिसतो तरी.

सराटा ही पावसानंतर जमिनीस चिकटून पसरणारी, नाजूक पिवळ्या फुलांची वनस्पति आहे. संस्कृतांत तिला गोक्षुर म्हणतात, आणि क्षुर म्हणजे वस्तरा. त्रिकण्टक व श्वदंष्ट्रा अशींही तिचीं नांवें आहेत. श्वदंष्ट्रा म्हणजे कुत्र्याचा सुळा. ज्यानें हीं नांवें ठेविलीं तो अनवाणी चालत असला पाहिजे! तिचें फळ वाळलें कीं त्याचे पांच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यास दोन मोठे व दोन लहान कांटे असतात, आणि तुकडा जमिनीवर कसाही पडला तरी एखादा कांटा वर टोंक करूनच राहतो. पूर्वीं शत्रूच्या घोडदळाच्या वाटेवर लोखंडी गोखरू पेरीत, त्यांची घडण अशीच होती. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या झाडास दिलेलें लॅटिन नांवही त्या हत्यारावरूनच आलें आहे. गंमत अशी कीं हाच गोक्षुर आपल्या वैद्यकांत लघुपंचमुळांत मोडतो व बाळंतिणीस द्यावयाच्या दशमूलारिष्टांत पडतो. म्हणजे जो कांटा आईच्या काढ्यांत गेला तोच पुढें लेकीच्या चाकांत जातो.

आतां सायकलची योग्यता किती, हें थोडें सांगितलें पाहिजे. बिहार सरकारनें २००६ सालीं नववींत दाखल होणाऱ्या मुलींना सायकलीसाठीं पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं तिचा बारकाईनें अभ्यास करून २०१७ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. योजनेमुळें योग्य वयांत माध्यमिक शाळेंत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण ३२ टक्क्यांनीं वाढलें, आणि मुलगे व मुली यांच्यामधील अंतर ४० टक्क्यांनीं कमी झालें. ही वाढ मुख्यतः जेथें शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर आहे अशा खेड्यांतच दिसली. आपल्या राज्यांतही मानव विकास कार्यक्रमाखालीं, निवडलेल्या तालुक्यांत, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यांत आल्या. आम्हीं स्वतः अनेक वर्षें मुलींना शिकविलें, फळ्यावर सुवाच्य अक्षर काढलें, शुद्धलेखनाच्या वह्या रात्रीं जागून तपासल्या. परंतु मुलींना शाळेंत आणण्याचें जें काम त्या दोन चाकांनीं केलें तें आमच्या सुवाच्य अक्षरानें झालें नाहीं, हें आम्ही कोणतीही अढी न ठेवतां लिहितों. सायकल दिली हें उत्तम झालें. मात्र ती कोणत्या वाटेनें जाणार, व त्या वाटेवर काय पडलें आहे, याचा विचार त्या सायकलीबरोबर आला नाहीं.

बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धांवेस कांट्याचें भय नव्हतें. चाकांत हवा भरण्याची युक्ति प्रथम सुचली ती स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यास. त्यानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें, पण ती मागें पडली. पुढें बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरानें आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी गाडीसाठीं तीच युक्ति नव्यानें शोधून काढली व १८८८ सालीं पेटंट केली. चाक मऊ झालें, वेग वाढला, हाडें खिळखिळीं होण्याचीं थांबलीं. आणि त्याच क्षणीं एवढासा कांटा एवढ्या मोठ्या वाहनास आडवें पाडण्यास समर्थ झाला.

त्यावरील जुना उपाय सर्वांस ठाऊक आहे. लोखंडी पट्ट्यांनीं टायर उचकटावयाचें, ट्यूब बाहेर काढून हवा भरून घमेल्यांतील पाण्यांत बुडवावयाची, बुडबुडे येतील तेथें बोट ठेवावयाचें, ती जागा पुसून कानशीनें खरबरीत करावयाची, आणि सुलोचन लावून ठिगळ डकवावयाचें. हा 'सुलोचन' शब्द आमच्या फार आवडीचा आहे. मूळ इंग्रजी शब्द सोल्यूशन. तो आमच्या मुलखांतील दुकानदारांच्या जिभेवर बसतां बसतां सुंदर डोळ्यांचा झाला. चांगल्या हातानें लावलेलें ठिगळ ट्यूबपेक्षां अधिक टिकतें, हें आम्हीं पाहिलें आहे, व या विद्येची निंदा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. अडचण एवढीच, कीं ही विद्या गांवांत बसलेली असते आणि कांटा रानांत.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. गांवापासून चार किलोमीटरांवरील एका वस्तीवरून दोघी बहिणी शाळेंत येत; थोरली नववींत, धाकटी सातवींत. दोघींत सायकल एकच. कार्तिक महिन्यांत, म्हणजे सराटे वाळण्याच्या ऐन दिवसांत, पंधरवड्यांत तीन वेळां त्यांचें चाक बसलें. तिसऱ्या वेळीं संध्याकाळीं परततांना बसलें. दुकान गांवांत मागें राहिलेलें, घर पुढें, आणि दिवस लहान. दोघी सायकल ढकलीत अंधार पडल्यावर घरीं पोहोंचल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांचे वडील आमच्याकडे आले. मनुष्य सज्जन; जमीन थोडी, कर्ज थोडें अधिक. ओट्यावर टेकून ते म्हणाले, "गुरुजी, पोरी अंधारात ढकलत आल्या. माह्या जिवात जीव नव्हता. थोरलीचं आता बस झालं म्हनतो." त्यांच्या बोलण्यांत शिक्षणाविषयीं अनादर नव्हता. मुलीस शिकवूं नये असें त्यांचें मत असतें तर आम्हीं वाद घातला असता, आणि वाद घालण्यांत आमचा जन्म गेला आहे. परंतु त्यांचें म्हणणें सराट्याच्या कांट्याविषयीं होतें. त्यावर सावित्रीबाईंचें चरित्र सांगून काय उपयोग? आम्हीं त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आमचा एक पुतण्या टेक्सासमध्यें असतो. आमच्या घरीं आम्हां तिघां भावांचा संसार एकत्र असल्यानें त्याचा दर रविवारचा फोन म्हणजे एक लहानसें संमेलनच असतें. मागें एकदां त्यानें सांगितलें होतें, कीं "काका, आज सगळी सकाळ गवत कापण्याच्या गाडीचीं चाकें दुरुस्त करण्यांत गेली." त्याच्या घराभोंवतीं मोठें अंगण आहे, त्यांत तो हिरवळ राखतो, आणि ती कापण्यासाठीं वर बसून चालवावयाचें एक यंत्र ठेवतो. गवत कापण्याचें यंत्र प्रथम १८३० सालीं इंग्लंडांत एडविन बडिंग यानें काढलें. तें माणसें ढकलीत. आतां त्यावर माणूस बसतो. आमच्या वहिनींस हें कधींच पटलें नाहीं. "आधीं पाणी घालून गवत वाढवायचें, मग गाडीवर बसून कापायचें, आणि कापलेलें गाईला घालायचें नाहीं," असें त्या प्रत्येक वेळीं म्हणतात, व त्यावर पुतण्यास अद्याप उत्तर सुचलेलें नाहीं.

तर त्या यंत्राचीं चाकें लहान, रुंद व अगदीं कमी हवेचीं असतात. साध्या सायकलच्या चाकांत दर चौरस इंचास ४० ते ६० पौंड दाब लागतो. या यंत्रास १० ते १४ पौंड पुरतो. हिंवाळाभर तें कोठारांत उभें राहतें, हवा कणाकणानें जाते, लोखंडी कडेशीं रबराची पकड ढिली होते, आणि वसंतांत बाहेर काढावें तों एखादें चाक बसलेलें. शिवाय तेथेंही कांटे आहेतच. आणि ते कोणते म्हणाल, तर आपलाच सराटा! जुन्या जगांतून हा कांटा अमेरिकेंत गेला व तेथें इतका माजला, कीं तेथील लोक त्यास बकऱ्याचें डोकें म्हणतात. आयडाहो संस्थानांतील बॉइसी शहरांत तर २०१८ पासून त्याच्या नांवानें सायकलवाल्यांचा उत्सव भरूं लागला, व त्यानिमित्त लोक रस्त्याच्या कडेचे सराटे उपटूं लागले. अशा चाकांत पुतण्या एक हिरवट, पेजेसारखें दाट औषध ओततो. मग लहानसहान भोंकें आपोआप बुजतात. हें आम्हीं त्या वेळीं ऐकलें व विसरलों. ओट्यावरून तो शेतकरी उठून गेला तेव्हां तें आठवलें.

हें औषध काय करतें हें समजण्यास अमेरिकेस जावयास नको. पिंपळाच्या पानाचा देंठ खुडावा. लागलीच पांढरा चीक येतो, वाऱ्यानें घट्ट होतो, आणि जखमेचें तोंड मिटतें. वड, उंबर, पिंपळ यांस आपल्या शास्त्रांत क्षीरवृक्ष म्हणतात, तें यावरूनच. ब्राझिलांतून जगभर पसरलेला रबराचा वृक्षही याच स्वभावाचा आहे. त्यास कोरून निघणारा चीक म्हणजेच रबर. झाडानें आपल्या जखमेसाठीं ठेविलेलें औषध आपण काढून आणलें, त्याचीं चाकें केलीं, आणि त्या चाकांना जखमा होऊं लागल्या तेव्हां पुन्हां झाडाचीच युक्ति उसनी घ्यावी लागली.

बाजारांत या औषधाचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकांत खरोखर रबराचाच चीक असतो व तो भोंकापाशीं हवा लागून साकळतो. दुसऱ्यांत पाणी, न गोठणारा व लवकर न वाळणारा ग्लायकोल नांवाचा द्रव, आणि त्यांत तरंगणारे बारीक तंतू व रबराचे कण असतात. चाक फिरूं लागलें कीं हें मिश्रण ट्यूबच्या आंतून सर्वत्र लेप देतें. कांटा शिरून निघाला कीं आंतली हवा जोरानें बाहेर पडूं पाहते व जातांना औषध आपल्याबरोबर भोंकांत ओढून नेते. तंतू तेथें आडवेतिडवे अडकतात, कण त्यांच्या जाळ्यांत बसतात, आणि बोळा तयार होतो. बोट कापल्यावर रक्त साकळतें त्याचीही रीत बरीचशी अशीच आहे. हवा सुटण्याचा जोर हाच येथें वैद्याचें काम करतो, ही गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटली.

आमच्या कामास दुसरा प्रकार बरा, असें आम्हीं ठरविलें. कारण चिकाचें औषध उन्हानें कांहीं महिन्यांतच वाळतें, आणि वैशाखांत आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. ग्लायकोलाचें औषध बहुधा दोन वर्षें ओलें राहतें. खामगांवास मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानांत तें मिळालें. सायकलच्या एका चाकास १०० ते १२० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहान कप, पुरतें. आपल्या साध्या सायकलींची एक सोय अशी, कीं वॉल्व्हची आंतली नळी वरची चकती फिरवितांच हातीं येते व तोंड मोकळें होतें. चाक असें फिरवून ठेवावयाचें, कीं तोंड अगदीं तळाशीं न राहतां बाजूस राहील; मग बाटलीच्या नळीनें मापून औषध आंत सोडावयाचें, वॉल्व्ह पुसून बसवावयाचा, हवा पुरती भरावयाची, आणि चाक चांगलें फिरवावयाचें, शक्य तर सायकलवर बसून एक चक्कर मारावयाची. वॉलट्यूब म्हणून जी बारीक रबरी नळी असते ती या औषधानें तुंबते; ती नवी घालावी, दोन रुपयांसाठीं कुरकुर करूं नये. पुढें हवा पाहतांना किंवा भरतांना वॉल्व्ह नेहमीं वरच्या अंगास आणावा, म्हणजे औषध तोंडांत येत नाहीं.

हें सर्व आम्हीं गांवांतील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानांत बसून केलें, व त्यानें तें मोठ्या नाराजीनें पाहिलें. आमची समजूत झाली कीं यास आपल्या धंद्याची काळजी पडली असावी. परंतु त्याचा आक्षेप धंद्याचा नव्हता, विद्येचा होता. "गुरुजी, हे पानी ट्यूबात गेल्यावर माहं सुलोचन धरत नाई," तो म्हणाला. "मोठं भोक पडलं तं हे बुजवनार नाई, अन् मले बी बुजवू देनार नाई." हें अक्षरशः खरें आहे, व बाटलीवर तें कोठें लिहिलेलें नाहीं. औषधानें माखलेल्या ट्यूबवर ठिगळ बसवावयाचें तर भोंकाभोंवतालची जागा धुवून, पूर्ण वाळवून, मग कानस मारावी लागते. त्यास दुप्पट वेळ जातो. त्यानें दुसरीही एक गोष्ट सांगितली जी आम्हांस ठाऊक नव्हती. बसलेल्या चाकावर मुलें तशीच सायकल दामटतात. मग रिमच्या कडेखालीं चेंगरून ट्यूबवर सापाच्या दातांसारख्या दोन चिरा पडतात. अशा चिरांवर हें औषध व्यर्थ होय. म्हणून तें ओतावयाचें तें चाक चांगलें असतांना, कांटा लागण्यापूर्वीं. चाक बसल्यावर बाटली घेऊन धांवण्यांत अर्ध्याहून अधिक वेळां निराशाच पदरीं येते. टायरच्या कुशीस पडलेली चीर, वॉल्व्हच्या बुडाशीं सुटलेला सांधा, जुनें होऊन भेगाळलेलें रबर, यांवरही त्याचा इलाज नाहीं. आमच्या पुतण्याच्या यंत्राचें एक टायर उन्हानें असें भेगाळलें होतें. त्यानें त्यांत बाटलीमागून बाटली रिकामी केली व शेवटीं नवें टायर आणलें.

आठवड्याची मुदत संपण्यापूर्वीं सायकल वस्तीवर परत गेली. वडिलांस आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं कांटा दिसला तर मुलींनीं तो लगेच काढावा, काढल्यावर ती जागा खालीं आणून चाक चार वेळां फिरवावें, आणि घरीं येऊन पंप मारावा. होळीपर्यंत त्या चाकांतून मुलींनीं किती सराटे उपटले याची गणती थोरलीनें आपल्या वहीच्या मागल्या पानावर ठेविली होती. आम्हांस दाखवितांना ती रेघा मोजूं लागली व मध्येंच हंसत सुटली. प्रत्येक कांट्यामागें एक हिरवा थेंब, जरासा फुस्स आवाज, आणि मग शांत. माघांत मात्र एके दिवशीं फुटक्या बाटलीच्या कांचेनें मागचें टायर बोटभर चिरलें, व त्या दिवशीं औषध रस्त्यावर सांडलें आणि दोघी पायीं आल्या. कारागिरानें ट्यूब बदलली व न सांगतां नव्या ट्यूबमध्यें कपभर औषध घातलें. त्याचें मत पालटलें असें तो म्हणत नाहीं. थोरलीचें नांव शाळेंतून कमी झालें नाहीं. ती नववी उत्तीर्ण होऊन दहावींत गेली.

मोटारसायकल व मोटार बाळगणाऱ्यांसाठीं दोन शब्द. ट्यूब नसलेल्या टायरांत हें औषध अधिक चांगलें बसतें, कारण कांटा बहुधा जाड रबरांत रुतून राहतो व औषध त्याच्याभोंवतीं साकळतें. परंतु मोटारीच्या वेगानें फिरणाऱ्या चाकांत आंतील द्रव एका बाजूस सांचला तर चाक थरथरूं लागतें. आणि नव्या मोटारींत हवेचा दाब मोजणारें यंत्र चाकाच्या आंत बसविलेलें असतें, तें या औषधानें बिघडूं शकतें. म्हणून मोटारींत तें फक्त प्रवासांत अडल्यास, पुढच्या दुकानापर्यंत पोहोंचण्यापुरतें वापरावें. सावकाश चालणाऱ्या चाकांचें तें औषध आहे: सायकल, हातगाडी, फवारणीचा गाडा, आणि ज्यांच्या नशिबीं असेल त्यांचें गवत कापण्याचें यंत्र.

घरांत लहान मुलें असतील त्यांनीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत धरावी. यांतील कांहीं औषधांत एथिलीन ग्लायकोल असतें. तें चवीस गोड लागतें आणि पोटांत गेल्यास मूत्रपिंडांचा घात करतें. कुत्रीं-मांजरेंही त्या गोडीनें तें चाटतात. प्रोपिलीन ग्लायकोल घातलेलें औषध त्या मानानें पुष्कळच निरुपद्रवी. बाटलीवरील बारीक अक्षर घरांतील चांगल्या डोळ्यांच्या माणसाकडून वाचून घ्यावें, आणि ती फडताळाच्या वरच्या खणांत ठेवावी. अंगणांत सांडलेलें भरपूर पाण्यानें धुवावें.

गेल्या वर्षापासून गांवांतील आम्ही चार-सहा निवृत्त मंडळी मिळून दसऱ्याच्या सुटींत एक दिवस त्या कारागिराच्या दुकानापुढें बाहेरगांवच्या मुलींच्या सायकली उभ्या करवितों. औषधाचे पैसे आमचे, मजुरी त्याची, व ती तो अर्धीच घेतो. चाकांत हवा मुळांतच कमी असेल तर औषधाचा जोर चालत नाहीं, म्हणून आधीं हवा तपासावयाची, मग ओतावयाचें, असा क्रम आहे. आणि त्यापूर्वीं श्रावण-भाद्रपदांत, सराट्यास पिवळीं फुलें दिसतांच, शाळेच्या वाटेवरील झाडें मुळासकट उपटावयाचीं. हें दुसरें काम मुलगे करतात व त्याबद्दल फार तक्रार करतात. धाकटी बहीण आतां नववींत आली असून औषध मापण्याचें काम तिनें आपण होऊन स्वतःकडे घेतलें आहे. एक थेंब कमी-अधिक होऊं देत नाहीं. यंदा सायकली जास्त आहेत, बाटल्या पुरेशा आणल्या आहेत, पण पंपाचा वायसर झिजला आहे आणि तो आमच्या गांवांत मिळाला नाहीं. सोमवारीं खामगांवास जाणें आहेच, तेव्हां आणूं.